वैशाखातल्या तेरसीचं पाणी

चैत्र सरत आला की बडोद्याच्या बाजारात लोणच्याचे दिवस सुरू होतात. राजापुरी कैऱ्यांचे ढीग, गुंद्यांच्या, म्हणजे भोकरांच्या, टोपल्या, राईची डाळ, मेथ्या, आणि या सगळ्यांच्या कडेला, कुणी बोलावलेलं नसताना आल्यासारखे, केरडे. मिऱ्याहून जरा मोठे, हिरवे, देठासकट तोडलेले दाणे. विकणारी बाई एक पोतं पसरून बसलेली असते आणि तिच्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. मी थांबते. दरवर्षी थांबते, दरवर्षी पिशवीभर घेते, आणि दरवर्षी घरात त्यावरून थोडी कुरकुर होते.

यंदा सूनबाई बरोबर होत्या. केतकी पोर गुणाची आहे, पण तिची जीभ इथल्या कारेलीबागेत वाढलेली, बोलण्यात गुजराती 'ने' हमखास. तिने एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच रुमाल शोधायला लागली.

"आई, किती कडवं आहे हे! नका ने घेऊ. मागच्या वर्षीची बरणी अजून तशीच पडलीय."

"पडली नाहीये, मुरतेय."

"एवढी मेहनत कशाला पण? चार दिवस भिजवा, उन्हात ठेवा, परत धुवा. तयार मिळतं ने आता सगळं."

"तयार मिळतं त्याला वास नसतो," मी म्हटलं आणि बाईला तराजू उचलायला सांगितलं. केतकीने वर बघितलं. सासूपुढे बोलायचं नाही एवढं तिला तिच्या आईने शिकवलेलं आहे, आणि डोळे फिरवायचे नाहीत हे शिकवायचं राहून गेलेलं आहे.

वासाचं मात्र मी खरं सांगितलं. ताज्या केरड्याला एक तिखट, कोरडा, जरासा राखेचा वास असतो. घरी आणून परातीत ओतले की तो स्वयंपाकघरात पसरतो आणि मी क्षणभर बडोद्यात नसते. रणाच्या, त्या खाऱ्या वाळवंटाच्या, काठावरच्या एका लहानशा गावात असते. मला तीस-बत्तीसावं वर्ष लागलेलं, कडेवर मुलगा, आणि दाराबाहेर वारा. त्या गावात मी सगळे मिळून दीड वर्ष राहिले. पण आठवतो तो एकच उन्हाळा.

हे रेल्वेत होते. स्टेशनमास्तर म्हणून पहिली स्वतंत्र नेमणूक मिळाली तीच तिथे. नागरवाड्यातल्या आमच्या घरात त्या दिवशी सुतक पडल्यासारखी शांतता होती. आमचे पूर्वज सरकारच्या फौजेत होते, कुठकुठल्या मोहिमांवर जाऊन आले असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण मला विचाराल तर त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी शहराच्या वेशीवरचं पाणीगेट ओलांडायलासुद्धा पंचांग बघितलं. सासूबाई म्हणाल्या, काळ्या पाण्याची शिक्षाच की ही. मामंजी म्हणाले, "काळं का होईना, तिथे पाणी तरी असतं. इथे तेही नाही म्हणतात." मग सगळे नातेवाईक सल्ले द्यायला बसले. त्यांतल्या एकानेही ते गाव पाहिलेलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते असं. आम्हांला पुढे रोज खरे उंट दिसले, पण शेळ्या कुणी त्यांच्यावरून हाकताना दिसलं नाही.

स्टेशन गावापासून थोडं दूर होतं. छोट्या रुळांची लाइन, दिवसातून दोनदा गाडी, दोन पिवळी क्वार्टर्स आणि एक पिलूचं जुनं झाड. पुढे कच्चा रस्ता गावात जाई. गावात बाजाराची एकच गल्ली. तिच्यात कापडवाला, किराणावाला, एक शिंपी, एक दवाखाना. त्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा आणि कंपाउंडर रोज असायचा, म्हणून गाव कंपाउंडरलाच डॉक्टर म्हणे. दुपारी बारानंतर गल्ली अशी ओस पडायची की कुत्रीसुद्धा दुकानांच्या फळ्यांखाली शिरून बसत. चार वाजता एकेक फळी उघडली की पुन्हा गाव सुरू.

वाऱ्याबद्दल काय सांगू! तो तिथला कायमचा रहिवासी होता, आम्हीच पाहुणे. बारी, म्हणजे खिडकी, बंद करा, फटीला चिंध्या लावा, दाराखाली ओलं फडकं सारा; संध्याकाळी ताटावर बोट फिरवलं की बारीक रेती ही असायचीच. सुरुवातीला मी दिवसातून तीनदा झाडायची. समोर राहणारी जीवीमा माझी झाडलोट बघून हसायची. एकदा तिला राहवलं नाही.

"मास्तराणीबेन, रणाला केर समजलीस होय? झाडून झाडून तू संपशील, ते नाही संपायचं. संध्याकाळी एकदा काढ ने बस."

मी एकदा काढायला लागले. दिवसाचे केवढे तास रिकामे झाले, आणि रिकामे तास कसे घालवायचे हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं हेही तेव्हाच कळलं.

मग मी बघायला लागले. फाल्गुनात केरडाच्या झुडपाला फुलं येतात. त्या झुडपाला पानं नसतात, नुसत्या हिरव्या काड्या, आणि त्या काड्यांवर विटकरी-लाल फुलांचा असा बहर की त्याला इतकं नटायचं कारण काय हे कळू नये. चैत्रात पिलूचं झाड पिकतं. मोत्याएवढी गुलाबी फळं. एक खाल्लं तर तोंड चुरचुरतं, म्हणून मूठभर एकदम खायची असतात, असं तिथली पोरं सांगत. सकाळी लवकर तळ्याकडे वाळूच्या रंगाचे पक्षी थव्याने पाण्याला उतरायचे आणि उडाले की जमिनीचाच एक तुकडा उचलला गेल्यासारखं वाटायचं. कधी दूरवर रानगाढवं एका ओळीत उभी दिसत. दुपारी त्यांचे पाय वितळून जायचे आणि नुसती धडं तरंगत राहायची. त्यांच्यापलीकडे चकाकणारं पाणी. पाणी म्हणजे पाणी नव्हेच, मृगजळ. आमचा मुलगा बोट दाखवून "दर्या, दर्या" म्हणे. मी आधी त्याला समजावायची, नंतर सोडून दिलं.

जीवीमा म्हणजे काही म्हातारी नव्हे. पन्नाशीही झाली नसेल. पण तिथे मान द्यायचा तर नावाला मा जोडतात. उंच, काटक, हातांवर कोपरापर्यंत गोंदण, आणि आवाज असा की गाडीची शिट्टी वाजली तरी तिचं वाक्य पूर्ण होत असे. रेल्वेच्या कुंपणाला लागून तिच्या समाजाची वस्ती होती. शेती थोडी, गुरं जास्त अशी ती माणसं. जीवीमाचा नवरा आदल्या वर्षी गेलेला. घरात ती आणि तिची एकुलती मुलगी कंकू. कंकू विशीच्या आतबाहेरची, आईच्या उलट अबोल, आणि हातात सुई घेतली की जगाला विसरणारी. आरशांचं भरतकाम तिच्यासारखं वस्तीत कुणाचं नव्हतं. स्वतःच्या लग्नाचा घागरा, कांचोळी, बैलांच्या झुली, उशांचे अभ्रे, सगळं तिने एकटीने भरलेलं होतं आणि एका पेटीत घालून ठेवलेलं होतं. ती पेटी एक वर्ष जास्तच वाट बघत होती. त्याचं कारण पुढे सांगते.

आधी पाण्याचं सांगायला हवं. मी आजव्याच्या तलावाच्या पाण्यावर वाढलेली. आमच्या विश्वामित्री नदीत मगरी पोसल्या जातात, इतकं पाणी आम्हांला. नळ उघडा सोडून शेजारणीशी बोलणारी बाई मी. त्या गावात जमिनीखालचं पाणी खारं होतं. कुठेही खणा, खारंच. पण गावाच्या पश्चिमेला एक उथळ तळं होतं. पावसाळ्यात जो काय एक-दोनदा पाऊस पडे त्याने ते भरे, दिवाळीनंतर आटून जाई, आणि आटलेल्या तळ्यात बायकांनी खड्डे खणलेले असत. विरडे म्हणायचे त्यांना. माणूस आत उतरेल एवढा खड्डा, कडेला लाकडं आणि गवताचं अस्तर, आणि तळाशी पाणी. गोडं पाणी. पावसाचं पाणी खाली झिरपतं, पण हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही, वर तरंगत राहतं. दुधावर साय धरते तसं. ते हळूहळू काढायचं. एक घागर भरली की थांबायचं, आजूबाजूचं गोडं पाणी झिरपून पुन्हा वर येऊ द्यायचं, मग दुसरी. घाई केली, एकदम उपसलं, की खालचं खारं वर येतं, आणि मग तो विरडा पुढच्या पावसापर्यंत गेला.

हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून विरड्यावर बायका तासन् तास बसलेल्या असत. मला आधी वाटलं, किती वेळ फुकट जातो यांचा. मग एकदा जीवीमाबरोबर मीही गेले. रेल्वेच्या माणसांसाठी आठवड्याला गाडीबरोबर टँकर येई, त्यामुळे मला जायची गरज नव्हती, उगाच गेले. एक बाई खाली उतरून वाटीने घागर भरत होती, बाकीच्या काठावर. कुणी भरतकाम काढलेलं, कुणी पोराला पाजतेय, कुणाची सासू कशी वागली त्याची तपशीलवार चर्चा चाललेली. घागर भरली की खालची वर आली, आणि सगळ्या थांबल्या. कुणी पुढच्या बाईला चल लवकर म्हटलं नाही. थांबणं हेच तिथलं काम होतं आणि ते सगळ्या मन लावून करत होत्या. कंकूचा अर्धा घागरा त्या काठावर भरून झाला असेल.

आता संध्याकाळी कधी हे मला छाणी गावाच्या पुढे मोठ्या कालव्यापर्यंत फिरायला घेऊन जातात. नर्मदेचं पाणी काठोकाठ, आवाजही न करता वाहत असतं. हेच पाणी पुढे रणाकडे जातं, त्या गावालाही आता नळ आलेत असं ऐकते. फार बरं झालं. कुणाच्या डोक्यावरची घागर उतरली की मला आनंदच होतो. त्या घागरींची चित्रं काढून भिंतीवर लावणाऱ्यांतली मी नाही. पण आमच्या सोसायटीत एक गृहस्थ रोज सकाळी नळी धरून गाडी धुतात, आणि गाडी धुऊन झाली की रस्ता धुतात. त्यांना बघून माझा तोल जातो. "अहो, रस्त्याला काय लोणचं घालायचंय का?" असं मी परवा बारीतून विचारलं. हे म्हणाले, आत ये. मी आत आले. पण विचारायचं ते विचारून झालं होतं.

तर लग्न. जीवीमाच्या समाजात एक रीत होती, आणि तशी रीत मी आधी कधी ऐकली नव्हती. त्यांची सगळी लग्नं वर्षातून एकाच दिवशी लागत. वैशाखातली अंधारी तेरस, म्हणजे वद्य त्रयोदशी. त्या गावातली, पंचक्रोशीतली, जिथे जिथे त्यांची माणसं असतील तिथली सगळी लग्नं त्याच एका दिवशी. मुहूर्त बघणं नाही, दुसरी तारीख नाही. वर्षभर गुरांमागे रानोमाळ फिरणारी माणसं, एरवी सगळी एकत्र कधी असणार, म्हणून कुणा पूर्वजाने हा दिवस नेमून दिला म्हणतात. आमच्याकडे एक हॉल मिळवायला दोन व्याह्यांची भांडणं होतात. मला ती रीत फारच पटली.

पण तिची दुसरी बाजू जीवीमाने सांगितली. दिवस चुकला की वर्ष गेलं. आदल्या वर्षी कंकूचं लग्न ठरलेलं, मांडवाचे खांब रोवलेले, आणि तेरस तोंडावर असताना तिचे वडील गेले. सुतकात लग्न नाही. नवरदेवाकडचे थांबले, पण थांबताना नवरदेवाची आत्या, राजीफई, चारचौघांत म्हणाली होती, "यंदा थांबतो. पुढच्या तेरसीला काही अडलं तर मग आम्हांला मुलगी दुसरी बघावी लागेल." नवरदेवाला आई नव्हती, राजीफईनेच त्याला वाढवलेलं, त्या घरात तिचा शब्द शेवटचा. जीवीमा एरवी कुणाला भ्यायची नाही. पण राजीफईचं नाव निघालं की तिचा आवाज खाली यायचा. कंकू काहीच बोलायची नाही. मी एकदा विचारलं, "अगं, मुलगा पाहिलायस का?" तर सुई थांबवून म्हणाली, "जत्रेत. लांबून." आणि मग इतक्या वेळाने की मी विसरूनही गेले होते, "चांगला हसतो."

वैशाख लागला. वस्तीतल्या गल्लीत त्या वर्षी सात घरी लग्नं होती. भिंतींना नवी पांढरी माती लागली, तिच्यात आरसे बसले, दारांवर तोरणं चढली. सात घरी लग्न म्हणजे सातही घरची माणसं आपापल्या मांडवात अडकलेली. एकमेकांकडे जायला कुणी मोकळं नाही. मग पाहुणे कोण? तर आम्ही. कापडवाला, कंपाउंडर, शिंपी, स्टेशनावरची माणसं. सातही घरांनी मला कुंकू लावून आमंत्रण दिलं. "सातही ठिकाणी लापशी खायची का?" हे घाबरून विचारत होते. खायचीच होती. मुलीच्या मांडवात पाहुणा नाही असं व्हायला नको.

आणि त्याच अडचणीतून ती चूक झाली. सात लग्नांचं पाणी म्हणजे केवढं पाणी! एरवी बायकांनी घागरी-घागरीने आणलं असतं. पण त्या आठवड्यात एकही बाई मोकळी नव्हती. दळण, लिंपण, मेंदी, पापड. विरड्याच्या काठावर बसायला कुणाला वेळच नव्हता. कंकूचा मामा, वेलजीमामा, बहिणीच्या घरचं पहिलं आणि शेवटचं कार्य म्हणून महिनाभर आधी येऊन राहिलेला. मोठा हौशी माणूस. त्याने कुठून तरी डिझेलचं इंजिन आणि पाइप मिळवला. "आस्ते आस्ते चालवू ने," तो म्हणाला, "एक दिवसाचा तर प्रश्न." सातही घरांनी होकार दिला. माहीत नव्हतं कुणाला? सगळ्यांना माहीत होतं. जीवीमालाही. पण तीही म्हणाली, चालेल. जन्मभर एका घागरीमागे थांबलेल्या बाईला एकदा थांबायचा कंटाळा आला तर तिला मी तरी काय म्हणू!

तेरसीच्या आदल्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. वस्तीच्या मधोमध सिमेंटचा हौद होता, त्यात धो धो पाणी पडू लागलं. पोरं नाचली. बायका कामं टाकून बघायला आल्या. कुणीतरी पाण्याला कुंकू वाहिलं. आस्ते चालवायचं होतं, पण हौद भरताना बघायला इतकं छान वाटत होतं की इंजिन बंद करायला कुणी गेलं नाही. प्रत्येक घराला वाटलं, अजून थोडं, आमच्या पिंपापुरतं. अती तिथे माती म्हणतात. दुपारी एका मुलीने ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली.

सगळं पाणी त्या एकाच हौदात पडलेलं. सकाळचं गोडं आणि दुपारचं खारं, एकत्र. पिंपं रिकामी, कारण हौदातून ती भरायची होती. वेलजीमामा तळ्याकडे धावला. पाइप एकामागून एक सगळ्या मोठ्या विरड्यांत फिरलेला, ते सगळे तसेच खारे झालेले; लहान केव्हाच आटलेले. टँकर मागवावा तर तालुक्याच्या गावी निरोप घेऊन गेलेला माणूस हसावं की रडावं असं उत्तर घेऊन आला. टँकरचा ड्रायव्हर त्यांच्याच समाजातला होता. उद्या त्याचंच लग्न होतं.

स्वयंपाक निभला असता. ताक होतं, रोटल्याच्या पिठात मीठ कमी घालता आलं असतं. पण वऱ्हाड दारात उतरलं की आधी पाणी द्यायचं, आणि तेही मुलीच्या आईने, आपल्या हाताने, घरातल्या वडीलधाऱ्या पाहुण्याला. रणातल्या माणसाच्या घरची प्रतिष्ठा त्या एका लोट्यात असते. तुमचं घर कसं, तुमच्या बायका कशा, सगळं त्या पाण्यावरून कळतं असं तिथे मानतात. आणि जीवीमाच्या दारात उद्या राजीफई उतरणार होती.

संध्याकाळी मी गेले तेव्हा जीवीमा उंबऱ्यावर बसली होती. आत कंकू हाताला मेंदी लावून, हात पुढे धरून, भिंतीला टेकलेली. मामा अंगणात खाट उलटी करून तिच्याआड तोंड लपवून बसलेला. कुणी कुणाला दोष देत नव्हतं. दिला असता तर बरं झालं असतं, थोडा आवाज तरी झाला असता.

मी घरी येऊन यांना सांगितलं. स्टेशनच्या टाकीत पाणी तळाला गेलं होतं, टँकर दोन दिवसांनी यायचा होता, आणि यांची कायद्याची शिस्त मला ठाऊक होती. हे बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"टाकी रेल्वेची आहे," शेवटी म्हणाले, "माठ आपले आहेत."

आमच्या घरात दोन मोठे माठ होते, दोन्ही भरलेले. यांनी एक खांद्यावर घेतला, एक मी कमरेवर. कुंपणातून पलीकडे गेलो. जीवीमाने माठात वाकून बघितलं, बोट बुडवून चाखलं, आणि तिच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा रक्त आलं. मग तिने गल्लीकडे बघितलं. सहा दारं. सहाही दारांत बायका उभ्या होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या. मागत कुणी नव्हतं.

"सातांना पुरेल?" तिने विचारलं.

"पुरणार नाही," हे म्हणाले. "एका वऱ्हाडालाच जेमतेम होईल. तुमच्यासाठी आणलंय."

जीवीमाने पदर ओढून माठांची तोंडं झाकली.

"घेऊन जा, मास्तर. माझ्या दारात गोडं आणि त्यांच्या दारात खारं असं झालं तर त्या पोरींच्या सासवा जन्मभर त्यांना बोलतील. म्हणतील, त्या जीवीकडे होतं, तुमच्याकडेच कसं नव्हतं?"

"अगं पण कंकू!" मी जवळजवळ ओरडलेच. "राजीफई काय म्हणालीय ते विसरलीस का?"

"विसरेन कशी?" ती म्हणाली. "पण त्याही माझ्यापुढेच नागड्या खेळलेल्या पोरी आहेत, बेन."

एक माठ तिने गल्लीतल्या बाळंतिणीकडे आणि लहान पोरांसाठी पाठवला. दुसरा परत माझ्या कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "यावर तुझ्या बाबल्याचा हक्क." मी वाट चालताना रडत होते. राग कुणाचा आला होता ते मला अजूनही सांगता येणार नाही. बहुतेक त्या राजीफईचा, जिला मी पाहिलंही नव्हतं.

तेरसीची सकाळ उजाडली ती ढोलांच्या आवाजातच. चारी बाजूंनी एकदम. ट्रॅक्टर, छकडे, उंटगाड्या, सगळ्यांवर रंगीत कापडं, आणि धूळ एवढी की कोणतं वऱ्हाड कुणाच्या दारात चाललंय ते कळेना. वऱ्हाडं लहान होती, प्रत्येक घरून पाच-सहा माणसं, कारण मागे त्यांच्याही गावात आज लग्नंच होती. मी जीवीमाच्या मांडवात पाहुणी म्हणून एकटी उभी होते. हे दुसऱ्या मांडवात लापशीला बसले होते. आत कंकू भरलेल्या घागऱ्यात, चेहऱ्यावर ओढणी, इतकी निश्चल की ओढणीवरचा एकही आरसा हलत नव्हता.

एक ट्रॅक्टर दारात थांबला. आधी नवरदेव उतरला, तरतरीत, भांबावलेला. मग राजीफई. मी मनात केवढी थोरली कजाग बाई उभी केली होती! ही तर माझ्या खांद्याला लागेल एवढी, वाळलेली, उन्हाने काळवंडलेली, आणि ट्रॅक्टरवरून उतरताना पाय खाली टेकेना म्हणून चिडलेली. जीवीमा लोटा घेऊन पुढे झाली. पितळेचा, राखेने लख्ख घासलेला. त्यात हौदाचंच पाणी होतं. तिने काही सांगितलं नाही, माफी मागितली नाही. दोन्ही हातांनी लोटा पुढे धरला आणि जमिनीकडे बघत राहिली.

राजीफईने लोटा उंच धरून घोट घेतला. थांबली. मला वाटलं, आता थुंकेल. मांडवातला ढोल वाजतच होता, पण मला तो ऐकू येईनासा झाला. तिने जीवीमाकडे बघितलं, मग गल्लीतल्या बाकीच्या दारांकडे, जिथे तसेच लोटे पुढे झाले होते, आणि मग हौदाकडे. हौदाशेजारी ते इंजिन अजून तसंच उभं होतं.

"तुम्हीपण इंजिन लावलं?" तिने विचारलं.

जीवीमाने होकाराची मान हलवली.

"आम्ही परवा लावलं," राजीफई म्हणाली. "आमच्याकडे नऊ लग्नं. सगळे विरडे गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, जीवी. इथपर्यंत सगळी वाट मला एकच घोर, पोर माझ्या उंबऱ्यात उतरेल आणि तिला पहिला पेला मी कसला देऊ? तिची आई ऐकेल तेव्हा काय म्हणेल?"

जीवीमाने तोंडावर पदर धरला. हसत होती की रडत होती ते समजत नव्हतं, पण खांदे हलत होते, आणि ओढणीआडून कंकूचा एक हुंदका स्पष्ट ऐकू आला. राजीफईने लोटा पुन्हा तोंडाला लावला, सावकाश सगळा रिकामा केला, आणि जीवीमापुढे धरला.

"भर अजून," ती म्हणाली. "लांबून आलोय."